डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर

डॉक्टरांनी विचारलं होतं, "चक्कर येते का कधी? घाम फुटणं, हात थरथरणं?" प्रश्न दादांना होता. उत्तर मी दिलं, "नाही, तसलं काही नाही."

दादा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मला आज स्वच्छ आठवतं. मग त्यांनी ते मिटलं आणि हातातली पिशवी उगाच नीट केली. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट जरा वाढलेला होता. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि आम्ही घरी आलो.

दादा म्हणजे माझे वडील. हसनाबादच्या शाळेत ते गुरुजी होते. आई गेल्यावर वर्षभर एकटे राहिले, मग मी त्यांना जालन्याला माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आधी फार अवघडायचे, पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे. मीही शिक्षिका. त्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांनाच शिस्त लावायला घेतली. फ्रिजवर तक्ता चिकटवला. नवऱ्याचं मीठ कमी, मुलांची बिस्किटं बंद, दादांना एक भाकरी, वाटीभर भाजी आणि संध्याकाळी चालणं. पालकसभेतही मी आहारावर बोलायचे. बाया वहीत लिहून घ्यायच्या, मला बरं वाटायचं.

दादांचं चालणं म्हणजे घरापासून मस्तगड भागापर्यंत. तिथं एका चाचांचं गाद्या भरायचं दुकान होतं. गादी भरून घ्यायला म्हणून दादा एकदा गेले आणि मग रोज जायला लागले. चार वाजले की पायात चपला. "जाऊन येतो गं बाई," म्हणायचे, आणि दिवेलागणीला परत. अंगावर कापसाचे तंतू असायचे. मी झटकायला सांगायचे.

गोळी वाढवली त्याच आठवड्यात मी त्यांचा सदरा धुवायला काढला. खिशात कागदाची पुडी निघाली, आत खडीसाखरेचे सात-आठ खडे. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी घरभर जिवाचं रान करतेय आणि हे बाहेर जाऊन साखर खातात!

"दादा, हे काय?"

त्यांनी पुडीकडे पाहिलं. "ते... असू दे गं. लागतं कधी."

"लागतं म्हणजे? रिपोर्ट कशानं वाढला ते कळलं मला. त्या दुकानात चहाही गोडच होत असेल."

"न्हाई, तसं न्हाई," एवढंच ते म्हणाले. पुढं काही तरी सांगणार होते, पण मी ऐकायच्या स्थितीत नव्हते; पुडी मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तशीच मस्तगडला गेले. चाचा मांडी घालून गादीला टाके घालत होते. मला पाहून उठले. "आओ बेटी, बसा ना."

मी बसले नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच म्हणाले, "तुमच्यामुळं माझ्या वडिलांची साखर वाढली. मैत्री आहे म्हणता आणि त्यांच्या जिवावर उठता? उद्यापासून ते इथं येणार नाहीत."

चाचांच्या हातात सुई तशीच राहिली. ते एवढंच म्हणाले, "ठीक हाये बेटी. गुरुजींना जपा."

त्या दिवसापासून दादा हॉलमध्ये चालायला लागले. सोफ्यापासून दारापर्यंत, माझ्या मोबाईलवर पावलं मोजून. पंधरा दिवस चालले. मग म्हणाले, "गुडघे दुखून राह्यले." मी गुडघ्यांचे व्यायाम शोधून दिले. ते करायचे, मी समोर असले की. बोलणं कमी झालं. नातवाला गणित शिकवायचे ते थांबलं. ताटात भाकरीचा अर्धा तुकडा उरायला लागला. मला वाटलं, चला, खाण्यावर ताबा आला. पुढचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी तो तक्त्याशेजारी लावला आणि नवऱ्याला म्हणाले, "बघा, त्या दुकानाचंच होतं सगळं."

त्यानंतर जेमतेम आठवडा झाला असेल. सकाळची माझी शाळेची घाई होती. दादांना गोळी दिली, नाश्ता झाकून ठेवला. "खाऊन घ्या," असं सांगून मी डबे भरायला लागले. तेवढ्यात न्हाणीघरातून धप्पकन आवाज आला. दादा ओल्या फरशीवर आडवे पडले होते. अंग घामानं निथळत होतं, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. नाश्ता तसाच झाकलेला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात सलाईनमधून साखर गेल्यावर ते शुद्धीवर आले. डॉक्टर मला म्हणाले, "साखर फार उतरली होती. यांचं जेवण निम्म्यावर आलंय आणि गोळी मात्र तीच चालू. असं आधी कधी झालं होतं का? जवळ काही गोड ठेवत नव्हते का?"

पहिल्यांदाच मला त्यांच्या वतीनं उत्तर देता आलं नाही.

चाचांना कुठून कळलं माहीत नाही. ऑपरेशनच्या दिवशी ते दवाखान्याच्या दारात उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात. मी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि त्या पुडीबद्दल विचारलं.

"ती मीच दिल्ती बेटी," ते म्हणाले. "गुरुजी एकदा रस्त्यातच खाली बसले. पसीना पसीना. मी पळत गेल्तो. आमच्या बहिणीलाही हीच बीमारी होती, मंग मला माहीत. खडीसाखर तोंडात टाकली, तवा बरं वाटलं. तवापासून पुडी खिशात ठेवा म्हणलं."

"मला का नाही सांगितलं?"

"गुरुजी म्हणले, लेकीला कळलं तर एकट्याला बाहेर सोडणार न्हाई. मी जबान दिल्ती."

"आणि चहा?"

"चहा तर बिलकुल फिका. तुम्ही काय काय बंद केलं ते सगळं त्यांनी मला कागदावर लिहून दिल्तं. मीही त्यांच्यासंगं फिकाच प्यायचो."

मला माफी मागायची होती, पण तेवढ्यात नर्सनं आवाज दिला आणि मी उठून गेले. ती माफी तेव्हा राहिली ती राहिलीच.

दादा नंतर वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायचे, त्यापुढं नाही. मस्तगड त्यांच्यासाठी फार लांब झालं. चाचा दर शुक्रवारी नमाज झाल्यावर रिक्षानं घरी यायचे, तासभर बसायचे. त्यांचंही वय झालं होतं, आमचा जिना चढताना दोनदा थांबायचे. एक दिवस ते गेल्यावर मी दादांच्या पायाशी बसले. म्हणाले, "दादा, माझं चुकलं. मी तुम्हाला काही विचारलंच नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू भल्यासाठीच करत होतीस बाई. मीच बोलायला पाह्यजे होतं." मग म्हणाले, "पण मला तिथं जायला लय आवडायचं गं."

याचं काय करायचं होतं मी? जिन्यावरून त्यांना उचलून न्यावं असंही मनात आलं. उन्हाळा सरू दे म्हटलं. उन्हाळा सरायच्या आतच ते गेले.

दादांच्या जलदानाच्या विधीला चाचा आले. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "दोन वर्षं तुम्ही रोज काय बोलायचे दोघं?" माझ्या मनात होतं की आईबद्दल, गावाबद्दल, माझ्याबद्दल काही तरी निघेल, मला माहीत नसलेलं.

चाचांनी आठवून पाहिलं. "बोलायचं काय, बेटी? मी टाके घालायचो, ते बसायचे. कधी पेपर वाचून दाखवायचे. कधी काहीच न्हाई."

ते उठले. मी त्यांना जिन्यावरून हात धरून खाली नेलं. रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघं उन्हात उभे होतो, काही न बोलता.