वरच्या खोलीतल्या बाई

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, सांभाळून घ्यावं. मी चौथीच शिकले. धरमपेठेत आमच्या वरच्या खोलीत एक बाई भाड्याने होत्या. पीएचडी झाल्यावरही, मेंदूला आवाज कसा कळतो, याचं त्यांचं संशोधन चाले. ऐकताना त्या मान कलती करून डोळे मिटायच्या.

अर्धांगाच्या झटक्यानंतर सासूबाईंना बोललेलं कळेना. बहिऱ्या झाल्या समजून सगळे कानाशी ओरडत. बाईंनी पाठीमागे डब्याचं झाकण वाजवलं. सासूबाई वळल्या.

"वहिनी, कान चांगले आहेत. मेंदूला अर्थ लागत नाही. ओरडू नका, हळू बोला."

हळू तर मी जन्मभर बोलत आले. त्यावरून सासूबाई म्हणायच्या, "मुकी आहेस काय वं?"

मी भणभणता स्टोव्ह बंद केला, जवळ बसून हळूच विचारलं, "आई, चहा देऊ?"

"दे वं," त्या म्हणाल्या.