साडूभाऊंचा खऱ्या-खोट्याचा तक्ता

‘चहा घेणार का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर न देण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. वाळूजच्या कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर बसून ते घरी येत आणि पुन्हा कॉम्प्युटरवर बसत. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःचा एक प्रोग्राम रचला होता. चित्र नाही, बटण नाही, नुसती काळी स्क्रीन. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ घालून वाक्य टाइप केलं, की प्रत्येक गोष्ट खरी धरून आणि खोटी धरून होणाऱ्या सगळ्या शक्यता ओळीनं खाली उतरत, आणि शेवटच्या रकान्यात निकाल येई. एक गोष्ट वाढवली की ओळी दुप्पट. अंघोळसुद्धा त्या निकालावर ठरे. बरं, त्यांच्या लेखी सगळ्या ओळींचा मान सारखा. ऐन दुष्काळात ते छत्री घेऊन कामावर जात. हटकलं तर म्हणत, “पावसाची ओळ बी हाय ना तक्त्यात! तिला काय हाकलून द्यायचं?”

त्या उन्हाळ्यात शहराबाहेर इमारती भराभर उगवत होत्या आणि नळ मात्र कोरडे होते. साडूभाऊंचा फ्लॅट अशाच एका इमारतीत. एकदा खाली टँकर आला, तेव्हा पाणी भरायला जावं की नाही याचा तक्ता हे काढत बसले. तक्ता संपला तेव्हा टँकरही संपला होता. माझ्या मेहुणीनं बॅग भरली आणि मला बोलावून घेतलं.

“भावजी, मला पाचोडच्या बसमधी बसवून द्या. माहेरी चालले, आता कायमची.”

साडूभाऊ पांढरेफटक पडले आणि टाइप करायला लागले. मी भडकलो. “अहो, थांब म्हणा तिला!”

“तोंडानं म्हणता येत नाय, म्हणून तर हे,” ते पुटपुटले.

पाणी, वीज, लिफ्ट, पगार, शेजारी, पाऊस, सगळं घातलं होतं, शेवटी ‘ती’. निकालाचा रकाना होता ‘घर’. ओळी सरकत राहिल्या. मेहुणी बॅग हातात धरून बघत होती.

“मी नाय तिथं समदीकडं खोटंच?”

“व्हय.”

“पाणी असलं तरी?”

“लई असलं तरी.”

“अन् मी हाय, पण बाकी काहीच नाय, तर?”

त्यांनी ती ओळ शोधून दाखवली. निकाल होता ‘खरं’.

तिनं बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “वरपासून दावा.” पाचोडची शेवटची बस गेली तरी ती एकेक ओळ वाचतच होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्याबद्दल इतकं सविस्तर तिला कुणी सांगितलंच नव्हतं.