ओसरीतला वजनकाटा

बाळांनो, हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा. आजच लिहायचं कारण असं, की काल आपल्या ओसरीतला वजनकाटा उतरवून नेला. गावच्या अंगणवाडीला ग्रामपंचायतीजवळ स्वतःची इमारत मिळाली. चांगलंच झालं. तरी आज दहा वाजता मी सवयीने ओसरीचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिले.

तुमचे आजोबा गेले तेव्हा मी शाळेतून निवृत्त झाले होते. अंगणवाडीला जागा नव्हती, मला माणसं नव्हती. मी ओसरी दिली. सेविका माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने तुळईत हूक ठोकून काटा टांगला. दर महिन्याला एकेका मुलाला झोळीत बसवून ती वजन करायची.

त्यात एक तीन वर्षांची मुलगी होती. तिची आई देवळी गावाच्या बाजूला कापूस वेचायला सातलाच निघायची आणि अंगणवाडी उघडायची दहाला. घरी दुसरं कोणी नव्हतं. मीच म्हटलं, मधले तीन तास माझ्याकडे ठेव.

मी तिला चहा आणि बिस्किटं द्यायची. पहिले दोन दिवस ती दारात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी आपण होऊन मांडीवर येऊन बसली. त्यानंतर बिस्किटांचा डबा मी कधी रिकामा होऊ दिला नाही.

लागोपाठ दोन महिने तिचं वजन वाढलं नाही. सेविकेने तिच्या आईला सांगितलं, वर्ध्याच्या दवाखान्यात चौदा दिवस भरती करावं लागेल, आईला सोबत राहावं लागेल.

"मी तिथं बसली तं कापूस कोण वेचन, ताई? आन् खाऊ काय?"

"एक महिना थांबू," सेविका म्हणाली. "तरी वजन नाई वाढलं तं मी ऐकणार नाई."

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, सकाळी काय खाते हे?"

मी अभिमानाने सांगितलं. तिने मुलीची ताटली पुढे केली. अंगणवाडीत दिलेली खिचडी जशीच्या तशी.

"मंग जेवन कशी? पोट तं तुमच्या बिस्किटानं भरून राह्यलं! तुमी मले इंग्रजीत नापास केलतं, आता मी तुमाले नापास करून राह्यली."

सगळे हसले. मीही हसले. पण मला तेव्हाच कळलं होतं, की ती बिस्किटं मी पोरीच्या भुकेसाठी देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी डबा वरच्या फळीवर गेला. सकाळी मऊ भात, वरण, वर चमचाभर तेल. तिने ताटली ढकलली, डब्याकडे बोट दाखवून रडली. चार दिवस ती माझ्याकडे पाठ करून ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. मी समोर ताटली घेऊन बसायची. त्या चार दिवसांत मला तुमच्या आजोबांची फार आठवण आली. पाचव्या दिवशी तिने भाताला हात लावला. मग दहाची खिचडीही खाऊ लागली.

महिन्याने तिला झोळीत बसवलं. सेविका काट्याशी वाकली, पुन्हा पाहिलं. "वाढलं."

"मंग दवाखान्यात नाई जा लागत?" आईने विचारलं.

"नाई. पण पुढच्या महिन्यात पाहूच."

आईने मुलीला काखेत घेतलं, मग माझ्याकडे देऊन ती कामावर गेली. वजन मग वाढतच राहिलं.

आता ती पाच वर्षांची आहे. आज सकाळी शेजारच्या मुलींबरोबर पळतच नव्या इमारतीत गेली. जाताना माझ्या दाराकडे पाहायचं ती विसरली.

काटा त्यांनी नेला. तुळईतला हूक निघाला नाही, तो अजून तिथेच आहे.