खिडकी केवढी कापायची?

कात्रजचा बोगदा ओलांडून पुणे दिसलं आणि आमच्या गाडीने मागे भला मोठा धूर सोडला. थकलेल्या इंजिनावर कोल्हापूरहून इथवर आलो, हेच पुष्कळ होतं. कात्रजला थांबून ताक प्यायलो. धाकटा भाऊ संजय दुसरा ग्लास संपवत म्हणाला, "ताई, परत जाताना ही गाडी तुला ओळखू येणार नाही बघ." मला नेमकी त्याचीच धास्ती होती.

गाडी आम्हा दोघांत एक. जुनी, जपानी, रोटरी इंजिनाची. या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टन नसतात. पोटात एक तिकोनी लोखंडी रोटर घुमतो आणि घुमता घुमता हवा आत घेणारी खिडकी (कारागिरांच्या भाषेत पोर्ट) स्वतःच उघडतो नि झाकतो. खिडकी कुठे नि केवढी कापली, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. थकलेलं इंजिन आता उघडून नव्याने बांधायचंच होतं. संजयला शर्यतीत उतरायचं होतं, त्यामुळे त्याला ती भलीमोठी हवी होती. मी याच गाडीने रोज गगनबावड्याच्या घाटरस्त्याने शाळेत शिकवायला जाते, मला हळू चढणारी, सिग्नलला न रुसणारी गाडी हवी होती. एकदा कापलेलं बीड (ओतीव लोखंड) काही पुन्हा जागेवर येत नाही. आपलंच खरं होणार, याबद्दल मला कोल्हापुरातच खात्री होती. संजयलाही होती.

विश्रांतवाडीला शबाना शेख यांचं वर्कशॉप आहे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, बाई स्वतः इंजिनिअर, आणि शर्यतीत गाडी चालवून दोन्ही कोपरं खरवडून घेतलेल्या. आमचं भांडण त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकलं. मग आपली पद्धत सांगितली: आधी त्यांची शर्यतीची गाडी गावातून फिरवून आणायची, मग लोखंडावर कापायची रेघ मालकाने स्वतः आखायची.

"पूर्वी मीच आखायचे," त्या म्हणाल्या. "मग लोक यायचे, मॅडम, जरा जास्तच कापलंत. आता रेघ तुमची, कापणं माझं."

त्यांच्या गाडीत खिडकी आमच्यासारखी रोटरच्या बाजूच्या लोखंडी पाटीत नव्हतीच. रोटर ज्याच्या आतून घासत फिरतो, त्या बाहेरच्या कड्यालाच थेट भोक पाडलं होतं. शर्यतीवाले असंच करतात. संजय चालवायला, मी शेजारी. गर्दीत गाडी आचके देत होती. पण आळंदी रस्ता जरा मोकळा मिळाला, संजयने पाय दाबला आणि त्या इंजिनाने असा काही सूर धरला की मी काच पूर्ण खाली केली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. संजयकडे पाहिलं तर त्याचे डोळे पाणावले होते. आता हा ऐकत नाही, हे मी ओळखलं.

परतताना सिग्नलला गाडी बंद पडली. सुरू केली, चार हात गेली, पुन्हा बंद. शेवटी मी स्टिअरिंगवर आणि संजय मागून ढकलतोय. शेजारी स्कूटरवरच्या आजोबांनी हेल्मेटची काच वर करून संजयला शांतपणे विचारलं, "शर्यतीची का? मग अहो, मागून ढकलता कशाला, पुढे पळा की!" मी हसले. संजय हसला नाही.

वर्कशॉपमध्ये इंजिनाची पाटी निळ्या शाईने रंगवून ठेवली होती. तिच्यावर पत्र्याचा साचा. याच्या बाहेर गेलात तर रोटरच्या कोपऱ्यातलं, हवा निसटू न देणारं सील खिडकीत अडकून इंजिन संपेल, एवढंच शबानाबाईंनी बजावलं. संजयने आखायची सुई उचलली. साच्यावर वाकला. मग सुई माझ्या हातात दिली.

"तूच मार ताई. मला ढकलायला रोज कोण सुट्टी देणार? आणि त्या घाटात तू एकटी असतेस."

मी जिंकले होते आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. ठरवून आणली होती तशी बेताची रेघ मी आखायला घेतली. वरच्या कडेला आले तेव्हा तो दाराबाहेर जाऊन पाठमोरा उभा होता. मी हात थांबवला नाही. रेघ वर चढवली, थेट साच्याच्या कडेपर्यंत.

शबानाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "वेगात छान पळेल. घाटात हळू चढताना थोडी कुरकुरेल. चालेल?"

"घरी एक कुरकुरणारा आहेच," मी म्हटलं. "सवय आहे."

काही दिवसांनी गाडी न्यायला आलो. परतीला खंबाटकीच्या चढावर उसाच्या ट्रकमागे अडकलो तरी ती बंद पडली नाही. पुढे मोकळं मिळाल्यावर संजयने ताणली आणि तोच सूर ओझरता ऐकू आला. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले.

शर्यतीत तो शेवटून दुसरा आला, पण त्याच गाडीने घरी आला आणि किल्ली माझ्या पर्सशेजारी ठेवून झोपला. सोमवारी घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडी कुरकुरली. गाडी दोघांची होती, तेवढी कुरकुर त्याच्या वाट्याची. ती ऐकत मी सावकाश वर चढले.