मापाला आलेला काळा ब्लाउज

सत्यशीला सोनईच्या पेठेत बावीस वर्षं ब्लाउज शिवते. एवढ्या वर्षांत तिने फार थोड्या बायकांच्या अंगाला टेप लावला असेल. इकडची रीतच तशी आहे. बाई कापडासोबत आपला नीट बसणारा एक जुना ब्लाउज पाठवते, मापाला म्हणून. शिवणारीने तो टेबलावर पसरायचा, छाती, कंबर, बाही मोजायची आणि कात्री चालवायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया दिवाळीच्या सुमारास माप टाकून जातात आणि गावी परतल्यावर शिवलेला ब्लाउज नेतात. सत्यशीलाचं माप चुकत नाही, हे गावाला ठाऊक होतं. तिलाही होतं.

चार-पाच वर्षांत कामाचा नूर बदलला. बायका आता कापडाबरोबर मोबाईल पुढे करतात. बोटनेक, जाळीची बाही, पाठीला दोरी आणि लटकन. कुणाला साडीवर बेल्ट हवा असतो, कुणाला आजीच्या पैठणीवर साधा पांढरा शर्ट. सत्यशीला नाही म्हणत नाही, पण दोन शब्द सांगितल्याशिवाय कापड घेत नाही.

"पदराच्या चुण्या करून पिन लावनार असशील तर पाठ दिसती, तिथं काम कर. पदर मोकळा सोडनार असशील तर पाठीवर कशाला खर्च? कोन बघनार हाय? आन बेल्ट पातळ साडीवर लाव गं. पैठनीवर लावला की पोट बांधून ठेवल्यावानी दिसतं."

वैशाखात छबूबाई आली. तिच्या ज्ञानेश्वरीचं लग्न श्रीगोंद्याच्या घरात ठरलं होतं. मुलगी पुण्याला नोकरीत, हळदीच्या दिवशीच गावी येणार. छबूबाईने जांभळ्या पैठणीचा ब्लाउजपीस टेबलावर ठेवला आणि मापाला मुलीचा एक काळा ब्लाउज दिला.

"पाठ बंद पायजे, ताई. गळा चार बोटं, जास्त न्हाई. सासरची मानसं लई जुन्या वळनाची हायेत."

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, मावशीला फोटो दाखवला का? मागून ओपन, खाली फक्त दोरी."

"दोरी बैलाला बांधत्यात," छबूबाई म्हणाली.

"मावशी, तुम्हीच करा ना काहीतरी!"

"तुझी आई म्हनंल तसं," सत्यशीला हसून म्हणाली.

काळा ब्लाउज तिने टेबलावर पसरला. छाती अठ्ठावीस भरली. मागच्या दिवाळीला पाहिलेली मुलगी एवढी बारीक नव्हती. "वाळली का काय पोरगी?" तिने विचारलं. "मेसचं जेवन," छबूबाई म्हणाली. तेवढ्यावर सत्यशीलाचं समाधान झालं. शिवणीत नेहमीपेक्षा थोडं जास्त कापड दाबायला ठेवून तिने पैठणीला कात्री लावली.

तो ब्लाउज ताणाच्या कापडाचा होता. शहरात नोकरी करणाऱ्या मुली हल्ली असेच तयार ब्लाउज घेतात. हूक नाही, काही नाही, बनियनसारखा डोक्यातून घालायचा. अंगात गेला की हवा तेवढा फाकतो, काढला की पुन्हा आक्रसतो. सत्यशीलाने ते कापड नुसतं दोन हातांत धरून ओढलं असतं तरी तिला कळलं असतं. बावीस वर्षांत मापाचा ब्लाउज ओढून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

हळदीच्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वरी एकटीच दुकानात आली. पडद्याआड जाऊन तिने ब्लाउज चढवला. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

"मावशी, हूक लागत नाहीत."

सत्यशीला आत गेली. दोन्ही बाजूंमध्ये हाताचा पंजा मावेल एवढं अंतर होतं. तिने मुलीकडे पाहिलं, मग खुंटीवरचा काळा ब्लाउज घेऊन ओढला. तो रबरासारखा लांबला. ती स्टुलावर बसली.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारचं. पैठणीच्या काठाचा दुसरा तुकडा कुठल्याच दुकानात मिळणार नव्हता. बाजूच्या शिवणी पूर्ण उसवल्या, बाह्यांमधलं दाबलेलं कापडही सोडलं. तरी तीन इंच कमीच पडले. आता एकच उपाय होता. पाठ मधोमध वरून खालपर्यंत कापायची, कडांना पायपिंग लावायची आणि मधे दोरी ओवायची. म्हणजे छबूबाईने नको म्हटलेलं तेच.

"करा," ज्ञानेश्वरी म्हणाली. चेहऱ्यावर आनंद नव्हता. "आणि आईला मी सांगते, मीच हट्ट केला म्हणून. तुमचं नाव कशाला खराब?"

सत्यशीलाने मशीनमध्ये दोरा ओवला.

दुपारी दोघी छबूबाईच्या घरी पोहोचल्या तेव्हा श्रीगोंद्याहून उष्टी हळद आली होती. नवऱ्याला लावून उरलेली हळद घेऊन त्याची आत्या आणि दोन बहिणी ओटीवर बसल्या होत्या. छबूबाईने पिशवीतून ब्लाउज काढला, उलटा केला आणि दोरी हातात आली.

"हे काय?"

"मी सांगितलं मावशीला," ज्ञानेश्वरी म्हणाली.

छबूबाईची जाऊ गोजरबाई चाळणीत तांदूळ घेऊन बसली होती. ती खाली बघूनच म्हणाली, "आईचं आज आयकत न्हाई, उद्या सासूचं आयकंल व्हय?"

नवऱ्याच्या आत्याने हळदीची वाटी हातातून खाली ठेवली. छबूबाईचा चेहरा उतरला. "लाज हाय का तुला? पाव्हन्यांच्या म्होरं?" मुलगी मान खाली घालून उभी राहिली. ती आता आपला शब्द मागे घेणार नव्हती, हे सत्यशीलाला दिसत होतं. तिला हेही दिसत होतं, की आपण गप्प बसलो तर दुकानाला काही होणार नाही आणि पोरीला मात्र हे वर्षानुवर्षं ऐकावं लागेल.

"पोरगी खोटं बोलती," ती म्हणाली. "तिनं काय सांगितलं न्हाई. माझं माप चुकलं. तानाचा ब्लाउज व्हता, माझ्या ध्यानात आलं न्हाई. अंगात बसंना, म्हनून पाठ कापली."

नवऱ्याच्या आत्याने तिला वरखाली पाहिलं. ती श्रीगोंद्याची, सत्यशीलाचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईकडून माप चुकणं तिला नवीन नव्हतं. "व्हतं असं," ती म्हणाली. "वर शेला येतोयच की. उजव्या खांद्यावरनं म्होरं घ्या, पाठ झाकंल." आणि वाटी पुन्हा उचलली.

लग्न लागलं. शेला जेवणापर्यंत राहिला. मग उकाड्याने ज्ञानेश्वरीने तो काढून ठेवला आणि मैत्रिणींनी मागून फोटो घेतले.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई आपले दोन ब्लाउजपीस न शिवताच घेऊन गेली. "एवढं चांगलं कापड हाय, उगं कशाला..." एवढंच म्हणाली. आठवड्यात अजून चौघी आपापलं कापड परत घेऊन गेल्या. उलट, पेठेतली एक कॉलेजची पोरगी मोबाईल घेऊन आली, त्यात ज्ञानेश्वरीची पाठ. "मावशी, अस्संच पाहिजे."

"ते चुकून झालंय गं."

"मग तसंच चुकवा."

सत्यशीलाला हसू आलं नाही. तिने कापड ठेवून घेतलं.

पंधरा दिवसांनी छबूबाई आली. कायमची गिऱ्हाइकं आपल्या मापाचा ब्लाउज शिवणारीकडेच ठेवतात, दरवेळी आणायला नको म्हणून. छबूबाईचा अकरा वर्षांपासून तिथे होता.

"माझं माप दे."

सत्यशीलाने फळीवरची गाठोडी सोडली. "वहिनी, खरंच चुकलं माझ्याकडून."

"तुझं माप चुकत न्हाई, हे साऱ्या सोनईला म्हाईत हाय," छबूबाई म्हणाली. "तुमी दोघींनी मिळून केलं. पोरीला सासरी बोल लागू नये म्हनून तू अंगावर घेतलंस, ते बरं केलंस. पर मला येडी नको समजू. मी समोर बसून बंद पाठ सांगितली व्हती."

सत्यशीला काय सांगणार? आपल्याला अठ्ठावीस आणि चौतीसमधला फरक कळला नाही, हे पुन्हा एकदा? ज्या बाईने अकरा वर्षं तिच्या हातावर विश्वास ठेवला, तिला ते पटणारच नव्हतं.

हिरवा, बगलेत विटलेला ब्लाउज तिने गाठोड्यातून काढला, घडी घातली आणि दिला. छबूबाईने तो पदराखाली घेतला आणि पायऱ्या उतरून गेली.