मालधक्क्यामागचे दोन डबे

पोळ्याच्या दिवशी सकाळी खामगावजवळच्या एका पांधणीत (शेतांमधली बैलगाडीची वाट) भंगाराचा ट्रक रुतला. त्यामुळे जुन्या मालधक्क्यामागे उभा असलेला मालगाडीचा शेवटचा उरलेला डबा त्या दिवशी कापायचा राहिला.

मी आदल्या दिवशी चिखलीहून एसटीने निघालो होतो. गाडीत माणसांपेक्षा पोळ्याचा बाजार जास्त होता. घुंगरमाळा, वेसणी, बेगड, गेरूच्या पुड्या. शेजारच्या गृहस्थांनी नवी झूल मांडीवर घडी करून घेतली होती आणि तिला कोणाचा धक्का लागू देत नव्हते. अमडापूर गेले, उंद्री गेली. दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांवर आलेले होते. रात्रीच्या पावसाने काळी जमीन अजून चमकत होती. खामगावला उतरून एक कचोरी खाल्ली आणि रिक्षाने मालधक्का गाठला.

धक्का बरीच वर्षे बंद आहे. मुख्य मार्गाकडे जाणारे रूळ काढून नेले आहेत. उरलेल्या तुकड्यावर दोन कंडम डबे होते. कापसाच्या गाठी भरणाऱ्या हमालांच्या दोन टोळ्यांनी ते वाटून घेतले होते. भाकर तिथे खायची, पाठ तिथे टेकायची. हमालांपाशी बैल नव्हते, म्हणून पोळ्याला ते आपापला डबा सजवत. आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतो. त्याला खांदमळणी म्हणतात. हमाल ते तूप आधी डब्याच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या बफरला लावत, उरलेले एकमेकांच्या खांद्याला.

टोळ्या संपल्या. येणारे दोघेच राहिले, दौलतराव आणि भीमराव. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. मी पोहोचलो तेव्हा डबाही एकच राहिला होता. दौलतरावांचा आठवड्यापूर्वी कापून नेला होता. तो रस्त्याच्या बाजूला होता, भीमरावांचा आत, कडुनिंबाखाली. ट्रक आतपर्यंत जाईना, म्हणून कापणारे दुसरा ठेवून परत गेले होते.

भीमराव ब्रश घेऊन दाराला लाल रंग देत होते.

"आमी पूजा नाई करत," ते म्हणाले. "बौद्ध हावोत. पण पोळ्याले रंग देतो. ज्याच्यात बसलो त्याची निगा ठेवा लागते का नाई?"

दौलतराव आत पोत्यावर बसले होते. तिथूनच म्हणाले, "निंब पयलेपासून ह्याच्याच नशिबात. आमची टोळी उन्हात भाजली, ह्यायचा डबा थंडगार. आता कापाले बी माहाच पयले."

"मंग बसून काऊन राह्यला माह्या डब्यात?"

"निंब काय तुह्या बापानं लावला बे?"

संध्याकाळी दौलतराव वाटीत हळद-तूप घेऊन आले. त्यांच्या डब्याच्या जागी आता खडी होती आणि कापताना उडालेल्या लोखंडाचे काळे मणी. ते रुळापाशी उभे राहिले. बैलांना आदल्या दिवशी जे सांगतात ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे आमंत्रण.

"माह्या डब्याले दे ना," भीमराव म्हणाले.

"तुह्या डब्याले तुह्यं तूच दे." वाटी तशीच घेऊन ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दौलतराव फाट्यावरच्या टपरीत चहा घेत होतो. ट्रक तिथे थांबला. कापणारे बाहेरगावचे होते. आज पोळा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

"चाचा, दूसरे डिब्बे तक गाड़ी जाएगी क्या?" चालकाने विचारले.

दौलतरावांनी कप खाली ठेवला आणि हात केला. "मागून पांधण आहे. सीधा निंबापाशी निघते."

ट्रक वळला. फर्लांगभर गेल्यावर मागची चाके काळ्या मातीत पार आसापर्यंत बसली.

चालक बैलजोडी मागत फिरला. मी सोबत गेलो. पहिल्या घरी शिंगांना बेगड लावणे चालू होते. "आज खांद्यावर जू नाई ठेवत, भाऊ," घरधन्याने सांगितले. "आज त्यायची सुट्टी." दुसऱ्या घरी हेच उत्तर मिळाले. तिसऱ्या घरी ट्रॅक्टर होता. तो धुऊन, हार घालून दारात उभा होता. "ह्याचा बी पोळाच हाये," मालक म्हणाला. "उद्या या. आज पुरणपोळी खाऊन जा." चालक पोळी खाऊन परत आला.

तोवर भीमराव पांधणीत आले होते; दौलतरावही टपरीवरून तिथे येऊन थांबले होते. त्यांनी चालकाला विचारले, इकडे कोणी पाठवले. चालकाने दौलतरावांकडे बोट केले.

"काऊन बे दौलत्या?"

"माहा गेला. तुहा काऊन राहाव?"

भीमराव ट्रकला फेरी घालून रुतलेली चाके पाहून आले. मग म्हणाले, "आठ दिसापासून माह्या डब्यात बसून राह्यला तू. हा बी गेला त बसशील कुठं?"

पावसात पांधणीत गाडी घालायची नसते, हे इथल्या लहान पोरालाही कळते. मग ट्रक मुद्दामच तिकडे पाठवला का, असे मी नंतर दौलतरावांना विचारले.

"त्याचा उभा पाहून जळून राह्यलो होतो, साहेब," ते म्हणाले. "चिखलाचं ध्यानातच नाई आलं."

त्या संध्याकाळी गावात बैलांची मिरवणूक निघाली. दमट हवेत डब्याच्या दाराचा रंग अजून ओला होता. दौलतराव डब्याकडे फिरकले नाहीत.

करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ट्रॅक्टरने ट्रक ओढून काढला. दुपारच्या एसटीने मी चिखलीला परतलो. गाडी रिकामी होती.

पुढच्या आठवड्यात भीमरावांचा फोन आला. पांधण वाळल्यावर ट्रक पुन्हा आला होता. डबा कापला गेला. दौलतराव समोर उभे होते.

"काही म्हणाले का?" मी विचारले.

"म्हणे, आता बराबर झालं."

निंब जागेवर आहे. दोघेही दुपारी तिथे येतात. बुंध्याला पाठ टेकायची जागा कोणाची, यावरून त्यांचे भांडण चालू आहे.