कोलंबसाची उलटतपासणी

जगाच्या इतिहासात आजवर कुणीही कुठेही गेलेलं नाही, निदान तो सांगतो त्या ठिकाणी तर नाहीच, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी पाहिला आहे. आणि त्याच्याच घरातल्या मागच्या खोलीत मी वर्षभर भाड्याने राहिले. मी त्यांना काका म्हणायची. लंडनची ज्युबिली लाइन स्टॅनमोरला जिथे संपते, तिथून चालत पाच मिनिटांवर त्यांचं घर. ''इथून ट्रेन पुढे जातच नाही, म्हणून इथे घर घेतलं,'' असं ते अगदी गंभीरपणे सांगत. पुढे जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना संशय होता. त्याला कारण त्यांची नोकरी असावी, असं मला वाटतं. निवृत्त होईपर्यंत ते विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसत. हरवलेल्या बॅगेत नवा कोरा कोट होता, असं प्रत्येक प्रवासी तिथे शपथेवर सांगे. जुना कोट म्हणे जगात कुणाचाच हरवत नाही. ''खरं बोलणारा पॅसेंजर मला एकच भेटला,'' काका म्हणत. ''तो टॉयलेट कुठे आहे ते विचारायला आला होता.''

मी करमाळ्याची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे परदेशातल्या घरमालकाशी कसं बोलायचं हे शिकवणारं घरात कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी काकांनी चष्मा पुसून विचारलं, ''घरी काय झालं होतं?'' मी म्हटलं, ''काही नाही काका, शिकायला आलेय.'' ''हं,'' ते म्हणाले, ''सगळे असंच सांगतात.'' माणूस घरून निघाला म्हणजे घरी काहीतरी बिनसलेलं असणारच, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यात माझा अभ्यासाचा विषय निघाला जगाच्या सफरी करणारे दर्यावर्दी. झालं! काकांना खिडकी परत मिळाली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचत बसले, की ते समोरची खुर्ची ओढत आणि एकेका महापुरुषाला रांगेत उभं करत.

''हा कोलंबस किती वेळा गेला?''

''चार वेळा, काका.''

''आणि चारही वेळा म्हणतो, मी आशियात पोचलो? चुकून माणूस एकदा जातो गं. चारदा जातो त्याला घरी जायचं नसतं.''

वास्को द गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एक माहीतगार वाटाड्या मिळाला होता, हे मी वाचून दाखवलं, तेव्हा ते इतके खूश झाले, की त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा टाकला. ''मी मिनीकॅब करून वेम्बलीला गेलो, तर वेम्बलीचा शोध मी लावला का?'' मार्को पोलोने आपली हकिगत तुरुंगात बसून सांगितली, एवढं कळताच त्याची फाइल त्यांनी तिथेच बंद केली. मॅगेलनचं मात्र त्यांना वाईट वाटलं. पृथ्वीप्रदक्षिणा त्याच्या नावावर, पण तो अर्ध्या वाटेत मारला गेला आणि त्याचं एक जहाज तेवढं परत आलं. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ''सामान पोचलं आणि पॅसेंजर हरवला. अशी केस माझ्याकडे कधी आली नाही.''

त्यांचं स्वतःचं प्रवासाचं धोरण फार साधं होतं. हॅरोला जायचं तरी डबा दोन पिशव्यांत विभागून घ्यायचा, म्हणजे एक हरवली तरी उपास पडणार नाही. बसच्या कपाळावर ठळक अक्षरांत 'हॅरो' लिहिलेलं असताना ड्रायव्हरला विचारायचं, ''आर यू शुअर?'' काकू तेवढ्यात दुसरीकडे बघत उभ्या राहत.

काका मुंबईच्या बेने इस्राएल समाजातले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारे यहुदी. शोध लावणाऱ्यांचा विषय निघाला, की त्यांना आपले पूर्वज आठवत. ''अलिबागजवळ नवगावला आमचं जहाज फुटलं. वाचले ते पोहत किनाऱ्याला लागले. आम्ही झेंडा लावला? कोकणचा शोध लागला म्हणून ओरडलो? मुकाट्याने तेलाचे घाणे चालवले. फक्त शनिवारी सुट्टी मागितली.'' हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होई, की मला माझ्या पुस्तकातल्या सगळ्या आरमारांची लाज वाटे.

त्यांचा एकुलता एक मुलगा बर्मिंगहॅमला बँकेत होता. एका रविवारी तो आला आणि सूप पिताना त्याच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाला, ''डॅड, मला न्यूझीलंडला जॉब मिळाली. नेक्स्ट मंथ जातो.'' काकांनी चमचा खाली ठेवला. तिकडे कोण आहे तुझं? कुणी नाही. इथे काय कमी आहे? काही नाही. ''मग?'' ''मग काय, डॅड? जॉब चांगली आहे.'' बापलेकांचं भांडण असं कधी झालेलं मी पाहिलं नाही, पण दोघांत गप्पाही कधी ऐकल्या नव्हत्या. त्या दिवसापासून काका कोलंबसाबद्दल बोलेनासे झाले. टेबलापाशी यायचे, खुर्ची ओढायचे आणि तसेच परत जायचे.

मुलगा निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मालिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं असं ताट मांडून एलियाहू नबीच्या नावाने आभाराची प्रार्थना म्हणतात. ''सुखरूप पोचल्यावर करायचा. जाताना कसले आभार?'' काका कुरकुरले; पण टोपी घालून बसले, आणि प्रार्थना सगळ्यांत मोठ्याने त्यांनीच म्हटली. नंतर मी भांडी पुसत असताना ते दाराशी येऊन उभे राहिले.

''तू शिकलेली आहेस. खरं सांग. तो माझ्यामुळे चाललाय का?''

मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी म्हटलं, ''काका, मी निघाले तेव्हा माझा कुणावर राग नव्हता. मला फक्त बघायचं होतं.''

''काय?''

''ते नाही सांगता येत.''

त्यांनी माझ्याकडे त्यांच्या खिडकीतून बघितल्यासारखं बघितलं. विश्वास बसला की नाही, ते कळलं नाही.

हीथ्रोला आम्ही अर्थातच पाच तास आधी पोचलो. तेव्हा पाण्याच्या बाटल्यासुद्धा काढून घेण्याचा नियम नवाच आला होता. तो पाहून काका म्हणाले, ''आता कुठे यांना अक्कल आली.'' मुलाच्या बॅगांची कुलपं त्यांनी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. सिक्युरिटीच्या रांगेपाशी आल्यावर, आजूबाजूला माणसं असताना, त्यांनी एकदम विचारलं, ''माझ्यामुळे चाललायस का?''

मुलगा आधी हसला, मग हसायचा थांबला. ''नो, डॅड. तुमच्यामुळे तर इतके वर्ष लांब नाही गेलो.''

काकांनी त्याच्या हातातल्या बॅगेचं कुलूप आणखी एकदा ओढून पाहिलं.

''आणि पोचलो म्हणून फोन केला, तर बिलीव्ह कराल ना?''

''नाही,'' काका म्हणाले. ''येऊन बघीन.''

काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मुलाने त्यांना मिठी मारली. काकांना मिठीची सवय नव्हती. त्यांचे हात थोडा वेळ हवेतच राहिले, मग त्याच्या पाठीवर टेकले. मग तो रांगेतून पुढे सरकत गेला, एकदा वळला आणि दिसेनासा झाला. काकू म्हणाल्या, ''अहो, चला आता.''

''थांब जरा,'' काका त्या दाराकडे बघत म्हणाले. ''काही सांगता येत नाही. एखादे वेळी परत येईल.''

आम्ही तिघं तिथेच थांबलो. लोक आमच्या बाजूने वाट काढत आत जात होते, आणि त्या दारातून बाहेर कुणीच येत नव्हतं. पार्किंगची वेळ संपत आली होती, पण आमच्यातलं कुणीही त्यांना तसं म्हणालं नाही.